हवेचे राखणदार

हवा भरलेल्या चाकाला दोन कामे करावी लागतात: आतली हवा धरून ठेवणे आणि बाहेरच्या रस्त्याची धार, झीज व उष्णता सोसणे. जॉन बॉइड डनलप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीवर प्रयोग करून 1888 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढे जी रचना रूढ झाली तिच्यात या कामांची वाटणी झाली. हवा ट्यूबकडे गेली आणि रस्ता टायरकडे. ट्यूबलेस टायरमध्ये ही वाटणी मोडते व हवा राखण्याचे काम टायर, रिम आणि व्हॉल्व्ह या तिघांवर मिळून येते. कच्च्या वाटांवर चालणाऱ्या मोटरसायकलींनी ट्यूब सोडण्याची गोष्ट टायरची म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्यातला खरा भार रिमवर पडलेला आहे.

महाराष्ट्रातील ज्या पिढीचे बालपण सायकलवर, तारुण्य स्कूटरवर आणि प्रौढपण मोटरसायकलवर गेले, तिने हे स्थित्यंतर एकाच आयुष्यात पाहिले. तिच्या बालपणी पंक्चर ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट होती. घमेल्यातल्या पाण्यातून हवा भरलेली ट्यूब वीतवीत सरकवत नेली जाई, बुडबुड्यांची बारीक माळ जेथून निघे तेथे खूण केली जाई आणि मग ती जागा कानशीने खरवडून, सोल्यूशन लावून, ते जरा सुकल्यावर ठिगळ दाबले जाई. कसलेला पंक्चरवाला मात्र तेवढ्यावर थांबत नसे. तो टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधी, कारण बाभळीच्या काट्याचे मोडके टोक रबरात राहिले तर नव्याने भरलेली हवा घर गाठेपर्यंतही टिकत नसे.

स्कूटरने या पिढीला स्टेपनीची सवय लावली. 1972 पासून रस्त्यावर आलेल्या बजाज चेतकची दोन्ही चाके सारख्याच दहा इंची मापाची असल्यामुळे एक जादा चाक कोठेही चाले, आणि दुरुस्ती दुकान येईपर्यंत पुढे ढकलता येई. मोटरसायकलीला ही सोय नाही. विशेषतः कच्च्या वाटांसाठी बांधलेल्या गाडीचे पुढचे चाक बहुधा 21 इंची आणि मागचे 18 किंवा 17 इंची असते, त्यामुळे एकच जादा चाक दोहोंना पुरत नाही आणि चाक उतरवून, टॉमीने टायर सोडवून, ट्यूब बदलण्याचे काम वाटेवरच करावे लागते.

कच्च्या वाटेवर ट्यूबचे दुखणेही वेगळे असते. माती, वाळू आणि सुटे दगड यांवर पकड मिळावी म्हणून चालक हवा मुद्दाम कमी ठेवतो, कारण सैल टायर दबून जमिनीला अधिक लांबीने चिकटतो. अशा टायरखाली धारदार दगड आला की टायर रिमपर्यंत चेपतो, मधली ट्यूब चिमटली जाते आणि तिच्यावर सर्पदंशासारखे दोन समांतर छेद पडतात. त्यात खिळा वा काटा कोठेच नसतो. अपराध हवेच्या कमीपणाचा असतो. हवा वाढवावी तर पकड जाते आणि कमी करावी तर ट्यूब जाते, या पेचातून ट्यूबलेसची ओढ निर्माण झाली. ट्यूब फाटली की हवा व्हॉल्व्हच्या आणि स्पोकच्या छिद्रांतून झपाट्याने निघून जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुधा स्वतःच छिद्र अडवून बसतो, हवा सावकाश उतरते आणि चाक न काढता, बाहेरूनच चिकट रबरी वात खुपसून काम भागते.

अमेरिकेतील गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर 1947 मध्ये जाहीर केला आणि 1955 पर्यंत तेथील नव्या मोटारींत तो सर्रास बसू लागला. मोटारीची रिम पत्र्याची, सलग असल्याने तिला हवा धरणे सोपे होते. तारांच्या चाकात मात्र स्पोकचे निपल, म्हणजे तार ताणणाऱ्या छोट्या चाक्या, रिमला भोके पाडून बसवलेले असतात. अशी साधारणतः 36 भोके असलेली रिम हवेच्या दृष्टीने चाळणीच ठरते. मिश्रधातूचे ओतीव चाक हा त्यावरचा सरळ उपाय होता, परंतु दगडाच्या जबर आघाताने ते तडकू शकते, तर तारांचे चाक वाकून आघात पचवते व त्याचा आऊट काढून ते पुन्हा सरळ करता येते.

बीएमडब्ल्यूने 1987 च्या आर 100 जीएसमध्ये तारा रिमच्या कडांना, म्हणजे हवेच्या कप्प्याबाहेर, अडकवून हा प्रश्न मुळातून सोडवला. भारतात रॉयल एन्फील्डची हिमालयन 2016 मध्ये ट्यूबसह आली, आणि पुढे 450 सीसीच्या नव्या हिमालयनसाठी ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय 2024 मध्ये उपलब्ध झाला. ज्यांना चाके बदलणे परवडत नाही ते जुनीच रिम बंद करून घेतात: आतला भाग घासून तेलकटपणा काढायचा, प्रत्येक निपलच्या डोक्यावर सीलंटचा थेंब बसवायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि वरून चिकटपट्टी ताणून फिरवायची. एकही निपल सुटून चालत नाही, आणि पुढे आऊट काढताना निपल फिरला की तेथले सील तुटते. शिवाय टायरची कडा, जिला बीड म्हणतात, आत घसरू नये यासाठी रिमला उंचवटा असावा लागतो; तो नसलेल्या रिमवर हा प्रयोग धोक्याचा आहे.

चिखलदगडांतल्या शर्यतींनी आणखी एक वाट काढली. ट्यूब्लिस नावाच्या योजनेत एक बारीक आतली नळी सुमारे 100 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला शंभर पौंड, इतक्या दाबाने बीड रिमवर घट्ट दाबून धरते आणि उरलेल्या टायरात नाममात्र हवा ठेवता येते. ट्यूबलेसच्या शर्यतीत जिंकलेली ही युक्ती स्वतः मात्र नळीवरच, म्हणजे एका परीने ट्यूबवरच, उभी आहे.

या सगळ्या लाभांना एक मर्यादा आहे. दगडाने रिमची कड मुरगळली की बीड तेथे नीट टेकत नाही, आणि बाजूने निसटणारी हवा कोणत्याही वातीने अडत नाही. अशा वेळी वाकलेल्या रिमवरही चालू शकणारी, आपली हवा स्वतःच्या पोटात राखणारी वस्तू एकच असते, आणि म्हणून ट्यूबलेस चाकांवर दूरच्या वाटेला निघणाऱ्याने सामानात आपल्या मापाची एक ट्यूब, दोन टॉमी आणि एक पंप ठेवावा.