चुन्याची रेघ

एक डोळा मिटून कधी सुईत दोरा ओवून पाहिलाय? दोरा हमखास चुकतो. दोन डोळे जरा वेगवेगळ्या जागेवरून पाहतात, म्हणून तर आपल्याला अंतर कळतं!

अण्णांची सारी नोकरी या एवढ्याशा गोष्टीवर उभी होती. मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं. काम नकाशे करण्याचं. निवृत्तीनंतर मुक्काम दिल्लीला, द्वारकेत लेकीकडे. विमानातून घेतलेल्या शेजारशेजारच्या दोन फोटोंत साठेक टक्के भाग सारखा असे. ते यंत्रात ठेवायचे. डावा फोटो डाव्या डोळ्याने पाहायचा, उजवा उजव्या. सपाट कागदातून एकदम डोंगर उभा राहायचा! मग एक बारीक ठिपका त्या डोंगराच्या अंगाला टेकवत टेकवत उंचीच्या रेषा काढायच्या. मोठं चिकाटीचं काम.

पुढे हे सगळं संगणकावर आलं. दोन फोटोंतले सारखे बिंदू संगणकच हजारोंनी शोधू लागला. 2005 मध्ये ‘इस्रो’ने कार्टोसॅट-1 हा उपग्रह सोडला. त्यावर दोन कॅमेरे, एक पुढे झुकलेला, एक मागे. “आकाशाला दोन डोळे फुटले!” अण्णा कौतुकाने सांगत.

पण देशभरचे डोंगर मोजणाऱ्या या माणसाच्या स्वत:च्या घराचा नकाशा मात्र नव्हता. शेताला सातबारा होता. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा, बस्स. अण्णांचं घर आणि धाकट्या भावाचं घर यांच्यामध्ये तीन फुटांचा बोळ. त्यात भावाने न्हाणी बांधली. अण्णा संतापले. विचारलं का नाही? बोळ दोघांचा ना? नऊ वर्षं बोलणं बंद. मधल्या काळात आई गेली. दोघांनी खांदा दिला, पण एकमेकांशी शब्द काढला नाही.

संध्याकाळी बागेत झज्जरकडचे एक चौधरीसाहेब भेटत. त्यांच्याकडे गावठाणाला ‘लाल डोरा’ म्हणतात. इंग्रजांनी 1908 मध्ये नकाशावर वस्तीभोवती लाल रेघ ओढली. रेघेच्या आतल्या घरांचा शेतासारखा पक्का कागद कधी झालाच नाही. 24 एप्रिल 2020 ला ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने वस्त्यांचे फोटो घेणार आणि त्यांवरून घराघराचा नकाशा होणार. आधी प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ टाकायची. चौधरीसाहेबांना कागद मिळाला होता. ते म्हणाले, “अण्णाजी, ड्रोन को चूना दिखता है, आदमी का मन नहीं!”

आणि डिसेंबर 2021 मध्ये गावाहून फोन आला. नऊ वर्षांनी.

“अण्णा, शनिवारी ड्रोन येणारय. चुना टाकायचाय. तुमच्याबिगर कसा टाकू? याल का?”

अण्णांना हे नवं नव्हतं. शेजारच्या सोनोरी गावात 2018 मध्येच हा प्रयोग झाला होता. ड्रोन एकाच घराचे अनेक फोटो घेतो, संगणक ते जुळवतो. जमिनीवरच्या पक्क्या खुणांशी ताळा केला, की नकाशा पाच सेंटिमीटरच्या आसपास बरोबर येतो. तीन फुटांचा बोळ त्यात लपणार नव्हता!

गावी भाऊ चुन्याची बादली घेऊन उभाच होता.

“कुठनं टाकू, अण्णा?”

अण्णा काही न बोलता न्हाणीत शिरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आत बसायला एक बुटका कट्टा होता. भिंतीत धरायला लोखंडी कडी, म्हाताऱ्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर. कडी वापरून गुळगुळीत झाली होती.

“आईला परसात जाववत नव्हतं,” भाऊ बाहेरून म्हणाला. “एकदा पडली. तुम्हाला सांगू नको म्हणाली.”

अण्णा बराच वेळ आतच उभे होते. नऊ वर्षं त्यांनी हा बोळ दिल्लीहून पाहिला होता. एकाच डोळ्याने.

बाहेर आल्यावर म्हणाले, “माझ्या भिंतीला लागून टाक.”

“म्हणजे अख्खा बोळ मला? नाही अण्णा, निम्मा तरी...”

“टाक म्हणतो ना.”

दुपारी ड्रोन घोंघावत डोक्यावरून गेला. पोरं टाळ्या पिटत मागे धावली. दोघे भाऊ ओट्यावर बसून वर पाहत होते. आतून वहिनींनी चहा पाठवला.

पुढे चौकशी झाली, हरकती मागवल्या गेल्या. कुणाचीच हरकत नव्हती. सनद हाती आली तेव्हा अण्णा दिल्लीत होते. भावाने पाठवलेला नकाशा त्यांनी मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि जुन्या सवयीने बोळ आपल्या बाजूने शोधला. तो तिथे नव्हता.

“मोजणी बरोबर आहे,” ते लेकीला म्हणाले, आणि भावाला फोन लावला.