दूरचा वाणी

पुतण्याच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ आले आणि संध्याकाळभर घरात एक वेगळाच वाद रंगला. आमच्याकडे पत्रिका दोन भाषांत निघते. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावरची भांडणे आधीच आटोपली होती. अडले ते अगदी शेवटच्या ओळीला. फोन नंबराच्या आधी काय छापायचे? मराठी पानावर प्रेसवाल्याने आपल्या मनाने 'भ्रमणध्वनी' टाकले होते, कन्नड पानावर 'संचारी दूरवाणी'. दीर म्हणाले, "सरळ मोबाईल छापा की. भ्रमणध्वनी म्हणतंय कोण?" जाऊबाई म्हणाल्या, "शुभविवाह तरी बोलताना कोण म्हणतंय? पत्रिकेत छापताच की नाही?" मुद्दा बिनतोड होता. दिरांची धाकटी लेक मात्र आपल्या मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणाली, "फोन करणार आहे कोण? त्या जागी क्यूआर कोड टाका, लोक लोकेशन बघून येतील."

छापले शेवटी भ्रमणध्वनीच. पण पोरीचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. फोन जर कोणी करणारच नसेल, तर त्या वस्तूला फोन तरी का म्हणायचे?

दूरध्वनी हा शब्द सावरकरांनी दिलेल्या शब्दांत गणला जातो. मूळ टेलिफोनचा अर्थही तोच, लांबचा आवाज. पुढे मोबाईल आला तेव्हा आपण 'दूर' काढून तिथे 'भ्रमण' बसवले, ध्वनी होता तसाच राहिला. कन्नडने ध्वनीऐवजी वाणी घेतली होती. दूरवाणी. मग मोबाईलला कोणी संचारी दूरवाणी म्हणाले, कोणी चरवाणी, कोणी जंगमवाणी. यातला जंगमवाणी मला सर्वांत आवडतो. एका जागी न राहणारे, भिक्षेला दारी येणारे जंगम आपल्या भागात कोणाला सांगायला नकोत, आणि स्थावर-जंगम मिळकत तर मराठी कागदपत्रांतही असतेच. शिवाय ध्वनी काय, भांडे पडल्याचाही असतो. वाणी माणसाचीच. या एका शब्दात कन्नडने जास्त नेमके पकडले असे माझे मत आहे. मराठीच्या अभिमान्यांनी रागावू नये.

वाणीवरून आमच्या घरात एक जुना विनोद आहे. माझे माहेर गडहिंग्लजचे, सासर बेळगावचे, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अत्ती म्हणतो, मूळच्या गोकाकच्या. लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. पत्रात, अर्जात, सगळीकडे शेजारच्यांचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात 'पीपी' लिहायचे. सासरे रेल्वेत होते. त्यांनी फोनसाठी अर्ज केला होता आणि नंबर लागायची वाट बघण्यात वर्षे गेली. आई एकदा राहायला आली असताना सासरे कसलासा कागद मोठ्याने वाचत होते, त्यात सारखे 'दूरवाणी, दूरवाणी' येत होते. आईला रोजच्या बोलण्यातले कन्नड समजते, पण हे कागदावरचे कन्नड तिच्या कानावर कधी पडले नव्हते. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारते, "हा दूरचा वाणी कुठला गं? गल्लीत वाणी नाही काय तुमच्या?"

तीस वर्षे आम्ही हसतो आहोत. आता मात्र हसताना जरा थांबावे लागते, कारण शेजारच्या घरात तांदूळ, साबण, कोथिंबीर, सगळे फोनवरूनच येते. दूरचा वाणी खरोखरच आला.

भारतात मोबाईलवरचा पहिला कॉल झाला 31 जुलै 1995 रोजी. कोलकात्याहून ज्योती बसू बोलले, दिल्लीत सुखराम यांनी ऐकले. आपल्या भागातल्या साध्या घरांत तो यायला आणखी बरीच वर्षे गेली, आणि आला तेव्हा 'भ्रमण' हा शब्द इथे जितका अचूक बसला तितका पुण्या-मुंबईत बसला नसेल. कारण आमचे भ्रमण म्हणजे रोमिंग! गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, आपण कर्नाटकाच्या. कोल्हापूरला जा नाहीतर पणजीला, दोन्हीकडे परके. माहेरी जाताना संकेश्वर सोडले की पर्समधला मोबाईल टिंग करायचा, महाराष्ट्रात स्वागत असो. ते स्वागत महाग पडायचे. 2003 पासून येणाऱ्या कॉलचे पैसे बंद झाले खरे, पण ते आपापल्या सर्कलमध्ये. हद्द ओलांडली की ऐकून घेण्याचेही पैसे. निपाणीकडे आमच्या ओळखीचे एक घर आहे, तिथे ओसरीवर कर्नाटकाची रेंज यायची आणि परसात महाराष्ट्राची. घरातली माणसे फोन वाजला की परसातून ओसरीवर धावायची. नात्यागोत्यांना हद्द माहीत नव्हती, टॉवरला मात्र पक्की माहीत होती. 2015 च्या जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमधले इनकमिंग फुकट केले, पुढे बाकीच्यांनीही केले, आणि ती धावपळ संपली.

मिस कॉलचे शास्त्रही त्याच दिवसांतले. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तूच फोन कर. बस चुकली तर तीन. नीट पाहिले तर बोलण्यासाठी घेतलेल्या यंत्राचा न बोलता वापर करायला आपण तेव्हाच शिकलो होतो, पैसे वाचवायला.

भाषेने मात्र जुन्या फोनची एकही सवय सोडलेली नाही. आपण अजून फोन 'लावतो'. उत्तर कर्नाटकात फोन 'हच्चतात'. दिवा लावणे, दीपा हच्चुवुदु, तेच क्रियापद. दोन्ही भाषांनी ठरवून केल्यासारखी फोनला दिव्याची क्रिया दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. बोलणे संपले की आपण म्हणतो, "ठेवते हं." अत्ती म्हणतात, "इडतीनि." आता ठेवायचे काय आणि कशावर? ते काळे धूड आणि त्याची ती खुंटी घरातून जाऊन किती वर्षे झाली. नाही म्हणायला एक वाक्य बदलले. पूर्वी फोन उचलला की पहिला प्रश्न, "कोण बोलतंय?" घरचा फोन घरातच असायचा, कुठे आहेस हे विचारायचे कारण नव्हते. आता नाव आधीच दिसते, म्हणून पहिला प्रश्न, "कुठं आहेस?"

तर प्रश्न असा की नावे बदलावीत का. मला तसे वाटत नाही. तेल हा शब्द तिळावरून आला. आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतो, खोबऱ्याचे म्हणतो, रॉकेललाही तेल म्हटले, त्यात तीळ शोधायला कोणी गेले नाही. कन्नडमधल्या एण्णेतही एळ्ळु, म्हणजे तीळच बसलेला आहे. पत्र म्हणजे पान, पण झाडाच्या पानावर कोण लिहिते? जर्मनीत मोबाईलला 'हँडी' म्हणतात. शब्द इंग्रजी वाटतो, पण इंग्रजांना त्या अर्थाने तो माहीत नाही, आणि त्यावाचून जर्मनांचे काही अडलेले नाही. आणि सरकारी नाव बदलले म्हणून तोंडातले बदलते असेही नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून आमच्या गावाच्या पाटीवर बेळगावी आहे. आम्ही घरी काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्हीही तेच म्हणता.

तेव्हा मोबाईलवर पैसे भरा, फोटो काढा, अंधारात टॉर्च लावा, नाव फोनच राहील. गणपत गल्लीत भाजीवाली "फोनपे करा" म्हणते आणि तिच्या टोपलीशेजारचा लहानसा डबा पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगतो, कुठे कन्नडात, कुठे हिंदीत. आपण दोघी गप्प, बोलतो तो डबा. अत्तींना सासऱ्यांच्या मागे पेन्शन मिळते. पूर्वी दर नोव्हेंबरात रिक्षा करून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जावे लागे. तिथे साहेब विचारायचे, "आराम इद्दीर्या अम्मा?" अत्ती दोन वाक्ये बोलायच्या, त्यांच्या गुडघ्याची चौकशी व्हायची. 2021 पासून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. हे त्यांच्यासमोर मोबाईल धरतात, अत्ती डोळे मिचकावतात, झाले. जिवंत असल्याचे सिद्ध करायला आता तोंड उघडावे लागत नाही. सोय मोठी आहे, मी नावे ठेवणार नाही. अत्ती मात्र म्हणतात, "मूकपणे जगलो बघ यंदा."

खरी अडचण मला दिसली ती आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. अत्तींची शाळा कन्नड. लग्नानंतर मराठी कानाने शिकल्या, गोकाकी वळणाने का होईना फाडफाड बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत. माझी आई फक्त देवनागरी वाचते. या दोघी विहिणी फोनवर तास-तास बोलायच्या. एकीचे अर्धे कन्नड, दुसरीचे अर्धे मराठी, मध्ये कुठे सांधा दिसायचा नाही. आवाजाला लिपी नसते. ग्रुप झाला आणि घराचे तीन तुकडे पडले. गडहिंग्लजचे लोक देवनागरीत लिहितात, गोकाकचे कन्नडमध्ये, आणि बेंगळुरात नोकरी करणारी आमची लेक व तिची भावंडे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. त्यांना फोन करावा तर, "आधी मेसेज टाकायचा ना, आई."

आई आजारी पडली तेव्हा भावाने सकाळी ग्रुपवर लिहिले, आईला रात्री दवाखान्यात दाखल केले आहे, सलाईन चालू आहे. त्याखाली पाच मिनिटांत अत्तींचा गुलाबाच्या फुलांचा फोटो आला, वर कन्नडमध्ये शुभोदय. रोज सकाळी पाठवतात तसाच. भावाला वाईट वाटले, तो काही बोलला नाही. मी अत्तींना मेसेज वाचून दाखवला तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसूनच राहिल्या. मग एरवी माझ्याशी मराठी बोलणाऱ्या अत्ती कन्नडात म्हणाल्या, "अदु मराठ्याग इत्तु. ननग ह्यांग तिळीबेकु?" तीसपस्तीस वर्षांत या घरात भाषा आडवी आली असे मी पहिल्यांदा पाहिले. लिहिलेले वाचून दाखवायची, भाषांतर करायची सोय मोबाईलमध्ये आहे, लेकीने मला करूनही दाखवली. पण त्यातली बाई दवाखान्याची बातमीसुद्धा लोणच्याच्या जाहिरातीसारखी सांगते.

"निम्म अव्वग फोन हच्चु," अत्ती म्हणाल्या. मी लावला. आईला बोलण्याइतका श्वास नव्हता, तिने नुसते ऐकले.

आई घरी आल्यावर लेकीनेच दोघींना आवाजाचे मेसेज पाठवायला शिकवले. व्हॉट्सॲपवर ही सोय 2013 पासून आहे, पण आमच्या घरात त्याची गरज कोणाला आहे हे कळायला इतकी वर्षे गेली. आता तो रोजचा कार्यक्रम आहे. अत्ती बटण दाबून आधी विचारतात, "हलो, केळस्तैतेनु?" आणि पलीकडून उत्तर यावे म्हणून थोडे थांबतात. मग बोलतात, आणि शेवटी न चुकता, "इडतीनि." आई दुपारी खाटेवर पडून ऐकते, मध्ये मध्ये मोबाईलला "होय की" म्हणते, आणि आपला मेसेज सुरू करते तो, "हां विहीणबाई, बोला."

मागच्या आठवड्यातला अत्तींचा मेसेज सहा मिनिटांचा होता. त्यात पुंडी पल्ल्याची फोडणी, बेंगळूरच्या नातीचा पगार आणि गुडघा, एवढे विषय झाल्यावर त्या रेकॉर्डिंग तसेच चालू ठेवून उठून गेल्या. पुढची दोन मिनिटे आमच्या स्वयंपाकघरातला नळ, माझे भांडी घासणे आणि कुकर. आईने ते सगळे ऐकले. रात्री मला फोन आला, "कुठं हाईस? घरीच न्हवं? त्यास्नी सांग, शिट्ट्या तीनच झाल्या. हरभऱ्याला चार लागतात."