भार पडल्यावर

लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणून येणारा माणूस निदान घरीच ठरवून आलेला असतो: बॅटरी गेली. पैठण गेटजवळ माझं दुरुस्तीचं टेबल आहे, आणि मी बॅटरीला शेवटी हात लावतो. भिंतीतलं सॉकेट, वायर, अ‍ॅडॅप्टर, जॅक, मग बोर्ड. वीज ज्या वाटेनं येते त्याच वाटेनं मी जातो. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबत असेल तर तो बहुतेक वेळा बिघाडच नसतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून कंपनीनं दिलेली ती सेटिंग असते.

अ‍ॅडॅप्टर तपासायचा म्हणजे मल्टिमीटर लावायचा, असा समज आहे. आकडा १९ व्होल्ट आला की गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, चार्जर तर ओके आहे." पण तेव्हा अ‍ॅडॅप्टरला काही द्यावंच लागत नसतं. मी त्याच्यावर भार टाकतो. ६ ओहमचा, १०० वॉटचा जाडजूड रेझिस्टर जोडला की तीन अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह ओढला जातो. ६५ वॉटचा धडका अ‍ॅडॅप्टर १९ च्या आसपास ठाम राहतो. थकलेला खाली घसरतो, बंद पडतो, पुन्हा उठतो, आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो. आतले कपॅसिटर उष्णतेनं सुकलेले असतात. औरंगपुऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, गादीवर ठेवलेल्या अ‍ॅडॅप्टरचं दुसरं काय होणार? स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी एवढंच सांगतो की तो फरशीवर ठेवा आणि त्याच्याभोवती वायर घट्ट गुंडाळू नका. वायर तुटते ती बहुतेक वेळा पिनेपासून दोन बोटांवर. अंगठ्यानं वाकवत गेलं की ती जागा मऊ लागते.

डेलच्या गोल पिनेच्या अ‍ॅडॅप्टरची गोष्ट वेगळी. पिनेच्या मधोमध सुईसारखं टोक असतं आणि त्यातून अ‍ॅडॅप्टर आपली ओळख लॅपटॉपला सांगतो. ती बारीक तार तुटली तर व्होल्टेज पूर्ण येतं, लॅपटॉप चालूही होतो, पण बॅटरी भरत नाही आणि मशीन रेंगाळतं. अशा वेळी नवी बॅटरी विकणं सोपं असतं. माझ्या दृष्टीनं ती चोरी आहे. समोरच्या मुलाच्या बापानं ते पैसे कापसातून काढलेले असतात.

उन्हाळ्यात आणखी एक तक्रार येते, "लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात." मराठवाड्यात वैशाखात जमीन ठणठणीत कोरडी पडते, तसा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. अ‍ॅडॅप्टरच्या फिल्टरमधून किंचितशी वीज अर्थकडे जायला निघते, तिला वाट मिळत नाही, मग ती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येते. तीन पिनांचा अ‍ॅडॅप्टर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवला तरी तेच. अशा घरी मी चार्जर बदलून देत नाही. घरमालकाला खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी ओतायला सांगा, म्हणतो.

आता नवा अ‍ॅडॅप्टर घ्यायचा तर पिन बसली म्हणजे जमलं असं नाही. लॅपटॉपच्या पोटावरचा कागद वाचा. व्होल्ट तोच हवा. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर म्हणजे ६५ वॉट, तिथं ४.७४ अँपिअरचा, ९० वॉटचा लावला तर काही बिघडत नाही, कारण लॅपटॉप हवं तेवढंच ओढतो. उलट केलंत तर अ‍ॅडॅप्टर तापून मरतो. मग अ‍ॅडॅप्टरवरचा भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, शिक्का बघा: आयएस १३२५२ आणि खाली आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. अ‍ॅडॅप्टरसाठी २०१५ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मालात पहिली काटछाट फिल्टरमध्ये होते. त्याची खूण लगेच कळते: चार्जिंग लावलं की टचपॅडवरचा कर्सर उड्या मारतो, काढलं की शांत होतो. तसा अ‍ॅडॅप्टर त्याच दिवशी परत करा.

टाइप-सी आल्यापासून मुलं मोबाइलचा चार्जर लॅपटॉपला लावून बघतात. पिन बसते, पण बहुतेक लॅपटॉप २० व्होल्ट मागतात आणि २० वॉटचा मोबाइल चार्जर साधारण ९ किंवा १२ व्होल्टपर्यंतच जातो. त्यामुळे चार्जरवर बारीक अक्षरात २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लिहिलंय का ते शोधायचं. ते ६५ वॉटचं. दोन पोर्टचा असेल तर दुसऱ्यात मोबाइल खोचताच ६५ चे ४५ होऊ शकतात, तेही तिथंच लिहिलेलं असतं. केबलचंही तसंच. ६० वॉटच्या वर ५ अँपिअरची, चिप असलेली केबल लागते. मोबाइलसोबत आलेली सहसा ३ अँपिअरची असते. म्हणून टाइप-सीवाल्याला मी निरोप देतो तो एवढाच: येताना चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिन्ही घेऊन या, नुसता लॅपटॉप नको.