चिखलाच्या भिंतीआडची गावं

मुलांनो, भूगोलाच्या पुस्तकात ‘त्रिभुज प्रदेश’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचून तयार होणारी सपाट जमीन, अशी व्याख्याही लिहिली असेल. दोन मार्क मिळाले की विषय संपला! पण त्या गाळावर माणसं राहतात, तिथे शाळा भरतात, मुलं क्रिकेट खेळतात, हे व्याख्येत नसतं. चला, आज बोटीत बसून तेच पाहू या.

आपल्या कोकणातल्या नद्या डोंगरातून धावत येतात आणि लगेच खाडीला मिळतात. त्यांना त्रिभुज प्रदेश करायला सवडच नसते. आपली गोदावरी तो करते, पण थेट आंध्रात जाऊन. जगातला सगळ्यांत मोठा त्रिभुज प्रदेश मात्र गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी मिळून तयार केला आहे. त्याचं समुद्राकडचं टोक म्हणजे सुंदरबन. त्यातला थोडा भाग आपल्या पश्चिम बंगालमध्ये आणि जास्त भाग बांगलादेशात आहे. आपल्या बाजूला लहानमोठी १०२ बेटं आहेत. त्यांतल्या ५४ बेटांवर माणसांची वस्ती आहे आणि उरलेली जंगलाची, म्हणजेच वाघाची!

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवरून सकाळची पहिली लोकल पकडायची. सव्वा-दीड तासात कॅनिंग येतं. लगेच पुढे पळू नका, या गावाची एक गोष्ट ऐका. इंग्रजांना इथे, मातला नदीच्या काठी, मोठं बंदर बांधायचं होतं. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा वादळांचा अभ्यासक राहत होता. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच तयार केला, बरं का! १८५३ साली त्याने सरकारला कळवलं, की इथे बंदर बांधू नका, एक दिवस वादळ येईल आणि समुद्र शहरात घुसेल. कोणी ऐकलं नाही. बंदर झालं, रेल्वे आली. १८६७ मध्ये वादळही आलं आणि पाणी शहरात शिरलं. पुढच्या काही वर्षांत बंदर बंद पडलं. राहिलं ते हे रेल्वेस्टेशन.

कॅनिंगहून गाडीने गोदखालीला जायचं. तिथे रस्ता संपतो आणि बोट सुरू होते. आपल्याकडे मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणतात ना? तिकडे इंजिनाच्या बोटीला ‘भटभटी’ म्हणतात. का, ते इंजिन सुरू झालं की तुम्हालाच कळेल! समोरच्या काठावर गोसाबा. हे इथलं मोठं बाजाराचं गाव. डॅनियल हॅमिल्टन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी १९०३ मध्ये या भागातली हजारो एकर जमीन घेतली आणि तिथे शेतकऱ्यांची सहकारी वसाहत उभी केली. १९३६ मध्ये त्यांनी गोसाब्यासाठी स्वतःची एक रुपयाची नोटही काढली होती! त्यांचा बंगला अजून पाहायला मिळतो. १९३२ च्या डिसेंबरात रवींद्रनाथ टागोर गोसाब्याला येऊन राहून गेले होते.

आता बोट पुढे निघाली, की वाघ शोधायची घाई करू नका. आधी काठाकडे पाहा. गावाच्या बाजूला एक लांबच लांब मातीचा बांध दिसेल. वर माणसं चालताहेत, कोणी सायकलवर आहे, शेळ्या चरताहेत. तुम्हाला वाटेल, हा रस्ताच आहे. रस्ता तर तो आहेच, पण त्याहून मोठं काम त्याच्याकडे आहे.

इथे समुद्र दिवसातून दोनदा नद्यांमधून आत येतो आणि दोनदा परत जातो. भरती आणि ओहोटीच्या पाण्यात एका मजल्याएवढा फरक पडतो, कधी त्याहूनही जास्त. ओहोटीला बोट दोन्हीकडच्या चिखलाच्या उतारांमध्ये खोल चालते. काठावर निवट्या उड्या मारत असतात, लाल खेकडे आपली एकच मोठी नांगी हलवून जणू ‘टाटा’ करतात. सहा तासांनी त्याच जागी या. चिखल गायब! पाणी बांधाला टेकलेलं, आणि बोटीत उभं राहून पाहिलं तर बांधापलीकडची भातशेती, घरं, तळी आपल्यापेक्षा खाली! होय, खाली. नदी वर आणि गाव खाली.

असं कसं झालं? गोष्ट सोपी आहे. जंगलाच्या बेटांवर भरतीचं पाणी चढतं, गाळ टाकतं आणि परत जातं. दर वेळी कागदाएवढा पातळ थर बसतो आणि जमीन हळूहळू वर येते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शेतीसाठी इथलं जंगल तोडायला सुरुवात झाली. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून लोकांनी बेटांभोवती बांध घातले. खारं पाणी अडलं, पण त्याबरोबर गाळही बाहेरच राहिला. जमीन पुरेशी वर यायच्या आधीच तिची वाढ थांबली! आणि आता हवामान तापतं आहे, तसा समुद्रही वर चढतो आहे. भारतातल्या सुंदरबनात असे सुमारे ३,५०० किलोमीटर बांध आहेत. मुंबई-दिल्ली रेल्वेच्या अंतराच्या अडीचपट! त्यांतले पुष्कळसे नुसत्या मातीचेच.

रायगडच्या खारेपाटातल्या मुलांना हे ऐकून नवल वाटणार नाही. त्यांच्याकडेही खार बंधारे आहेत आणि बंधाऱ्याला उघाडी असते. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि पावसाचं साचलेलं पाणी बाहेर पडतं. सुंदरबनातही बांधांना असेच दरवाजे असतात. फरक एवढाच, की आपल्याकडे बांध फुटला तर मागे उंच जमीन असते, डोंगर असतो. इथे चारही बाजूंना नदी. पळायचं कुठे?

२५ मे २००९ ला ‘आयला’ वादळ आलं तेव्हा हेच झालं. बांधांना जागोजागी खांडी पडल्या आणि खारं पाणी आत घुसलं. गोड्या पाण्याची तळी खारी झाली, मासे मेले. पाणी ओसरलं, पण मीठ मातीतच राहिलं. कितीतरी शेतांत पुढची दोन-तीन वर्षं नेहमीचं भात पिकलं नाही. घरातली मोठी माणसं कामाला दूर, दक्षिणेतल्या शहरांत गेली आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहिली. २० मे २०२० ला ‘अम्फान’ आलं आणि पुन्हा बांध फुटले.

मग यावर उपाय काय? तो पाहायला बोट आता सजनेखालीकडे वळवू या. जंगलात शिरण्याआधी इथे वनखात्याचा परवाना काढावा लागतो आणि सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. त्यांना खुशाल प्रश्न विचारा. काठावरच्या चिखलातून वर आलेले हजारो खुंट दिसतील. ते तोडलेल्या झाडांचे खुंट नव्हेत, ती जिवंत मुळं आहेत! चिखलात हवा नसते, म्हणून या झाडांची मुळं श्वास घ्यायला वर येतात. इथलं ‘बाईन’ झाड म्हणजे आपल्या खाडीतलं तिवर. ‘सुंदरी’ नावाचंही एक झाड आहे. सुंदरबन हे नाव त्यावरूनच पडलं असं पुष्कळजण सांगतात. मुळांची ही जाळी गाळ धरून ठेवते आणि लाटेचा जोर मोडते. बांधासमोर तिवरांची दाट रांग असेल, तर लाट बांधाला थेट धडकत नाही. म्हणूनच आयलानंतर कितीतरी गावांतल्या बायकांनी ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून बांधासमोर रोपं लावली आहेत. परत येताना ही कोवळी झाडं काठाने नक्की दिसतील.

पुढचा थांबा सुधन्यखाली. इथे मनोरा आहे आणि समोर गोड्या पाण्याचं तळं. चितळ, रानडुक्कर पाण्यावर येतात, नशीब जोरावर असेल तर वाघही. मनोऱ्यापर्यंतच्या वाटेला दोन्हीकडून जाळी आहे. प्राणिसंग्रहालयाच्या अगदी उलट : आपण जाळीच्या आत आणि वाघ मोकळा! आपल्या बाजूच्या सुंदरबनात सुमारे १०० वाघ आहेत, पण एका दिवसात तो दिसेलच असं नाही. हिरमुसू नका. खंड्या, घोरपड, चिखलात ऊन खात पडलेली मगर तर भेटेलच.

जंगलाच्या तोंडाशी एक छोटं देऊळ लागतं. ही बोनबीबी, म्हणजे वनातली देवी. मध गोळा करायला किंवा मासे, खेकडे धरायला जंगलात जाणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही आधी तिच्यासमोर हात जोडतात. तिची गोष्ट अशी : दुखे नावाच्या गरीब मुलाला त्याचा लोभी काका मधाच्या मोबदल्यात वाघाच्या रूपातल्या दक्षिणरायाला देऊन टाकतो. दुखे बोनबीबीला हाक मारतो आणि ती धावून येऊन त्याला वाचवते. म्हणून इथले लोक मुलांना सांगतात, जंगलात लोभ धरायचा नाही, गरजेपुरतंच घ्यायचं.

संध्याकाळी बोट गोदखालीला परतते तेव्हा बांधावर गर्दी असते. शाळा सुटलेली मुलं सायकली दामटत असतात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला त्यांचं घर आणि मध्ये तीन-चार हात रुंदीची माती. हात हलवा, तीही हलवतील.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. बोटीतून प्लास्टिक पाण्यात टाकू नका आणि जंगलात आरडाओरडा करू नका. एवढ्या लांब जाणं लगेच जमणार नसेल, तर निदान एक करा. पुढच्या वेळी लोकलने किंवा एस.टी.ने खाडीचा पूल ओलांडाल, तेव्हा खिडकीतून खाली पाहा. चिखलात तिवरं उभी असतील. किती आहेत, कुठे तोडली आहेत, कुठे भराव टाकला आहे, हे वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. मोजाल ना?