पिवळी पाटी

वाहन घेणे हा मराठी मध्यमवर्गीय घरात फार काळ समारंभाचा विषय होता. वाहन विकणे हा मात्र अजूनही कुजबुजीचा विषय आहे. आमच्या घरात ही कुजबुज गेले काही महिने चालू आहे. नारायणगावच्या जवळ, कालव्याच्या कडेला आमचा मळा आहे. मळ्यात एक बोलेरो पिकअप आहे आणि त्याच गाडीतून आम्ही दोघे नवरा-बायको राजगुरुनगरला एका महाविद्यालयात शिकवायला जातो. एकजण मराठी शिकवतो, एकजण रसायनशास्त्र. जाऊन-येऊन ७० किलोमीटर पडतात. टोमॅटोच्या हंगामात गाडी बाजाराला लागते, तेव्हा आम्ही एसटी धरतो. एरवी गाडी आमची असते. ती ठेवावी, की विकून रोजच्या येण्याजाण्यासाठी एखादी लहान मोटार घ्यावी, एवढेच ठरवायचे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये साहित्यावर कोणी बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. विषय आमच्या घरात शिरला तो तिथूनच.

आधी हिशेब, कारण हिशेब मांडल्याशिवाय भावनेला हात घालू नये असे आमच्या घरचे वळण आहे. महिन्यात कामाचे दिवस २४ धरले तर १,६८० किलोमीटर होतात. पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते, म्हणजे १४० लिटर डिझेल. सीएनजीवरची लहान मोटार किलोला २५ किलोमीटर देईल असे जपून धरले, तर सुमारे ६७ किलो गॅस. दोन्हींचा दर ढोबळमानाने ९० रुपये मानला की एका बाजूला १२,६०० आणि दुसऱ्या बाजूला ६,०५० रुपये उभे राहतात. बचत साडेसहा हजारांची. पण मोटारीसाठी पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांकरिता काढले तर महिन्याचा हप्ता आठ हजारांच्या थोडा वर जातो. म्हणजे बचत करण्यासाठी दरमहा दीड हजार पदरचे घालायचे. पिकअप विकून आलेली रक्कम त्यात ओतली तर हप्ता उतरतो. पण मग टोमॅटो बाजारात न्यायला भाड्याची गाडी लावावी लागते. ते भाडे कोणत्या रकान्यात मांडायचे? आमच्या, की दादांच्या? वही या प्रश्नापाशी थांबली आणि अजून तिथेच उघडी आहे.

दादा म्हणजे थोरले बंधू. वडील लवकर गेले, दादा दहावीनंतर शेतात उतरले आणि धाकट्याचे एम. ए. पर्यंतचे शिक्षण त्यांच्या टोमॅटोंवर झाले. २०१४ साली पिकअप घेतली तेव्हा कागदोपत्री ती त्यांच्या नावावर झाली, हप्ते आमच्या पगारातून गेले. २०१९ साली कर्ज फिटले. पुढे दादांच्या कमरेतला मणका सरकला, जड उचलणे आणि गाडी हाकणे दोन्ही डॉक्टरांनी बंद केले. त्यांचा मुलगा चाकणला कारखान्यात तीन पाळ्यांत अडकलेला. तेव्हापासून गाडीचे चालक आम्ही आहोत, मालक दादा आहेत, आणि गाडीवर हक्क कोणाचा हे विचारण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

परिवहनाच्या कायद्यालाही आमच्याबद्दल असाच संभ्रम पडावा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे धंद्याचे वाहन, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी. आमच्या साध्या मोटारीच्या परवान्यावर ही गाडी चालवता येते का, ही शंका सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवली: एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या आत असेल तर हलक्या मोटारीचा परवाना मालवाहू गाडीलाही पुरतो. चालकाचे झाले. शेजारी बसणाऱ्याचे काय? १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी धरला जातो. फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ‘आशा राणी’ खटल्यात स्पष्ट केले. आता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली रसायनशास्त्राची प्राध्यापिका ही मालाची मालक, मालाची प्रतिनिधी, की फुकटची प्रवासी? विद्यापीठाच्या मते उत्तरपत्रिका तिच्या नव्हेत. महाविद्यालयाच्या नव्या पहारेकऱ्याने पहिल्याच दिवशी हात आडवा करून “माल मागच्या गेटनं” असे सांगितले होते, त्याचा आम्हाला राग आला नाही. पाटी वाचून त्याने केलेले अनुमान बरोबरच होते. सहकाऱ्यांपैकी एकदोघांनी मात्र ‘ग्रामीण साहित्यवाले चालले’ असा विनोद वर्षानुवर्षे चालवला आहे, आणि तो आता शिळा झाला आहे.

विनोद बाजूला ठेवला तरी त्यात एक धागा आहे. आनंद यादवांची ‘गोतावळा’ ही १९७१ सालची कादंबरी आम्ही वर्गात अनेकदा शिकवली. मालक शेतात ट्रॅक्टर आणतो, जनावरे जातात, आणि त्या जनावरांतच आपला गोतावळा मानणारा नारबा हा गडी एकटा पडतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “सर, पण ट्रॅक्टर वाईट कसा?” त्याच्या घरी कर्जाने घेतलेला ट्रॅक्टर होता, त्याच्या भाड्यावर घर चालत होते आणि त्याची फीदेखील त्यातूनच भरली जात होती. प्रश्न भाबडा नव्हता. ग्रामीण साहित्यावरच्या आपल्या समीक्षेने यंत्राला पुष्कळदा बाहेरचा आगंतुक म्हणून वाचले आहे आणि नारबाच्या बाजूने उभे राहिल्यास तसे वाचणे योग्यच आहे. पण तो आगंतुक घरात राहिला, त्याने दोन पिढ्या पोसल्या, त्याचे हप्ते फिटले, तो जुना झाला. आता जायची पाळी त्याची आली तर त्याच्याविषयी कोणत्या भाषेत बोलायचे? आपल्या ललित गद्याला याचे एक उत्तर पाठ आहे: यंत्राला जनावर करावे, त्याला नाव द्यावे, निरोपाच्या वेळी त्याच्या काचेवरून हात फिरवावा. आमचा या रिवाजाला विरोध आहे. पिकअपला डोळे नाहीत. विकली तर ती आणखी कुठल्या तरी मळ्यात हेच काम करील, कदाचित इथल्यापेक्षा जास्त. गाडी जाण्याचे दुःख आम्हाला होणार नाही असे आम्ही बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. अडते आहे ते दुसरीकडे.

शेतीच्या बाजूने पाहिले तरी उत्तर सरळ येत नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोंच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. त्या दिवसांत शेजारचे लोक भाड्याच्या गाडीची वाट पाहत बांधावर बसत आणि आमचा माल मात्र तोडला की निघे. त्या महिन्यापुरते दादा मळ्याचे राजे होते. सप्टेंबरात तोच भाव इतका कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. शेजाऱ्यांनी भाडे अंगावर पडेल म्हणून माल शेतातच सोडला. आमच्याकडे स्वतःची गाडी होती, म्हणून आम्ही तो बाजारात नेला आणि तोटा थोडा वाढवून परत आलो. घरची गाडी असली की माणूस बाजाराला ‘नाही’ म्हणत नाही, असे वहिनी तेव्हा म्हणाल्या. त्यांचे म्हणणे आम्हाला पिकअपच्या बाजूचेही वाटले आणि विरुद्धही.

गाडीचा दुसरा उपयोग कुठल्याच रकान्यात बसत नाही. आसपासच्या सात-आठ घरांत ती आमची म्हणून ओळखली जात नाही; ती ‘मळ्यातली पिकअप’ आहे. लग्नाची भांडी, खताच्या गोण्या, करडांसकट शेळ्या, यात्रेच्या दिवशी सगळी पोरे. एका पावसाळ्यात रात्री दोन वाजता पलीकडच्या वस्तीवरची अडलेली बाई गोधडीवर निजवून हौद्यातून दवाखान्यात नेली. तिची सासू आणि नणंद दोन्ही बाजूंनी ताडपत्री धरून बसल्या होत्या. कायद्याच्या दृष्टीने त्या तिघीही कोणी नव्हत्या. कायदा चुकीचा आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. हौद्यात माणसे बसवून नेण्याने किती घरे बसली ते या महामार्गावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि यात्रेला पोरे नेणे आम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केले. तरीही रात्री दोन वाजता लोक आमचेच दार वाजवतात. दारात पाच आसनांची पांढऱ्या पाटीची मोटार असती तर त्या बाईला ती अधिक सोयीची झाली असती, हे उघड आहे. पण ते दार त्यांनी इतक्या सहजपणे वाजवले असते का, याविषयी आमचे एकमत नाही. रसायनशास्त्राचे म्हणणे, वाजवले असते. मराठीला शंका आहे.

आता वहीतल्या त्या रकान्याकडे येतो. सातबारा अजून सामाईक आहे. चुली दोन झाल्या त्याला दहा वर्षे होत आली, पण त्याला कोणी वाटणी म्हटले नाही. मुलांच्या शाळेच्या वेळा वेगळ्या, म्हणून स्वयंपाक वेगळा, एवढेच सांगितले गेले. सणाला ताटे एका ओळीत बसतात. जमिनीचे उत्पन्न दादांचे, आमचा पगार आमचा, हेही न बोलता ठरत गेले. दोन्हीकडचे पैसे आणि दोन्हीकडचे हात जिच्यात एकत्र येतात अशी गोष्ट मोजायला बसलो तर विहिरीची मोटर आणि ही पिकअप, एवढीच उरते. भाड्याचा रकाना दादांकडे टाकणे म्हणजे वाटणी झाली असे लिहून देणे, आणि आमच्याकडे टाकणे म्हणजे मोठ्या भावाला मदत म्हणून पैसे देऊ लागणे. दुसरे पहिल्यापेक्षा वाईट. आपल्या कथाकादंबऱ्यांतल्या वाटण्या बांधावर होतात, भांडून होतात, मध्ये पंच बसतात. आमच्या पिढीच्या वाटण्या बँकेच्या हप्त्यांतून होतात आणि पेढे देऊन साजऱ्या होतात.

दादांना विचारले तर ते एवढेच म्हणाले, “इकायची तर इका. गाडी तुमच्या पगाराची.” बारा वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलले. वहिनींनी वेगळाच प्रश्न काढला: “मोटार घ्या की भाऊजी. पण लावणार कुठं?” प्रश्न शेडमधल्या जागेचा नव्हता. नात्यातल्या तीन घरांत त्यांनी पाहिले आहे, आधी मोटार येते, मग येण्याजाण्याचा त्रास बोलून दाखवला जातो, मग तालुक्याच्या गावी फ्लॅट होतो, आणि मळ्यात माणसे सुट्टीला येतात. आम्ही तसे करणार नाही असे वचन त्यांनी मागितले नाही आणि आम्ही दिले नाही. मुलगी दहावीला आहे. पुढच्या वर्षाचे आज सांगता येत नाही.

शेवटी जे ठरले ते हिशेबाच्या दृष्टीने सर्वात वाईट आहे. पिकअप विकायची नाही. दादा टोमॅटो लावत आहेत तोवर ती मळ्यात राहील. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू गाडीचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो. ते काम आणि विमा आमच्याकडे, डिझेल ज्याच्या कामाला गाडी निघेल त्याच्याकडे. मोटार नवी घ्यायची नाही, कर्जही काढायचे नाही. साठलेल्या अडीच लाखांत वापरलेली एखादी सीएनजीची मिळाली तर पाहायची. दोन गाड्या, दोन विमे, आणि बचत जवळजवळ शून्य. भाड्याचा रकाना कोराच आहे.

रविवारी मंचरला एक गाडी पाहायला जायचे आहे. दादा येणार म्हणतात. इंजिनाचा आवाज आम्हाला कळत नाही असे त्यांचे ठाम मत आहे. वहिनींनी शेडमधले कडबाकुट्टीचे यंत्र गोठ्याकडे हलवून घेतले. काल फीत लावून पाहिली, पिकअपच्या शेजारी नऊ फूट जागा निघते. लहान मोटारीला पुरते.