ये रे माझ्या मागल्या

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजे मराठीतही आता सरसकट सिटकॉम म्हटला जाणारा प्रकार, प्रेक्षकांशी एक अलिखित करार करून उभी असते: अर्ध्या तासात घरात कितीही उलथापालथ झाली, तरी भाग संपताना सारे पूर्वपदावर आलेच पाहिजे, कारण पुढच्या आठवड्यात त्याच माणसांना तोच स्वभाव आणि तीच भांडणे घेऊन त्याच खोलीत उभे राहायचे असते. डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या सुखवस्तू घरात हा करार दिलासा देतो, कारण तिथे पूर्वपद हेच मुळी सुखाचे असते. बसचालकाच्या, भंगारवाल्याच्या किंवा कारखान्यात तासावर राबणाऱ्या बाईच्या घरात मात्र तोच करार प्राक्तनासारखा वागू लागतो. तिथे पूर्वपदावर येणे म्हणजे पुन्हा थकलेले भाडे, पुन्हा तीच पाळी आणि पुन्हा महिनाअखेर. कामगार कुटुंबावरच्या अमेरिकी आणि ब्रिटिश मालिकांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यांच्या उत्तम विनोदाचा आणि खोलवरच्या खिन्नतेचा उगम एकाच ठिकाणी, या करारात, सापडतो.

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९५५-५६ च्या हंगामात दाखवलेले ‘द हनीमूनर्स’चे ३९ भाग जवळजवळ पूर्णपणे एका खोलीत घडतात. ब्रुकलिनमधल्या भाड्याच्या घराची ही खोली म्हणजे मधोमध टेबल, भोवती खुर्च्या, एका बाजूला शेगडी आणि भांडी घासायचे सिंक, एक ड्रॉवरचे कपाट आणि खिडकीबाहेर आग लागल्यास उतरण्यासाठी ठोकलेला लोखंडी जिना. भिंतीवर चित्र नाही, जमिनीवर गालिचा नाही. देशभर विजेचे फ्रिज घरोघर पोचलेले असताना या खोलीत अजून आइसबॉक्स आहे, म्हणजे बर्फाची लादी ठेवून अन्न गार राखायचे जुने कपाट. बसचालक राल्फ क्रॅमडेनची भूमिका करणाऱ्या जॅकी ग्लीसनचे बालपण ब्रुकलिनच्या ज्या चॉन्सी स्ट्रीटवर गरिबीत गेले, तिथलाच ३२८ क्रमांकाचा पत्ता त्याने राल्फला दिला होता, आणि खोलीच्या या उघडेवाघडेपणाला कल्पनेपेक्षा आठवणीचा आधार अधिक होता, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे. राल्फ आठवड्याला ६२ डॉलर मिळवतो. त्याचा मित्र एड नॉर्टन शहराच्या भुयारी गटारांत काम करतो. दोघेही दर आठवड्याला झटपट श्रीमंत होण्याची एखादी युक्ती काढतात, आणि ती दर आठवड्याला फसते.

या मालिकेच्या पहिल्याच भागात ॲलिस, म्हणजे राल्फची बायको, दूरचित्रवाणी संच मागते. तिचे गाऱ्हाणे साधे आहे: नवरा दिवसभर बाहेर असतो आणि तिच्या नजरेला दिवसभर आइसबॉक्स, शेगडी, सिंक आणि चार भिंती यांखेरीज काही पडत नाही. चिक्कू राल्फ अखेर नॉर्टनशी निम्मी भागी करून संच आणतो, तो कोणाच्या घरी राहावा यासाठी नाणे उडवताना छापा पडला तरी आपण जिंकू आणि काटा पडला तरी नॉर्टन हरेल अशी शब्दांची चलाखी करतो, आणि मग रोज रात्री नॉर्टन खाऊ घेऊन, डोक्यावर अंतराळवीराचे शिरस्त्राण चढवून, मुलांचा कार्यक्रम पाहायला याच खोलीत ठाण मांडतो. हशा या दोन बाप्यांच्या पोरकटपणावर पिकतो. पण ज्या बाईच्या एकटेपणासाठी ही वस्तू घरात आली, तिच्या वाट्याला आता एकाऐवजी दोन पुरुषांची सरबराई आली आहे, हे लेखकांनी एका शब्दानेही न सांगता दिसू दिले आहे. राल्फ मूठ उगारून तिला चंद्रावर भिरकावण्याची धमकी वारंवार देतो. ॲलिस घाबरत नाही, हात कंबरेवर ठेवून जागची हलत नाही, आणि म्हणूनच ती धमकी विनोदी ठरते, असे समर्थन नेहमी केले जाते. त्यात तथ्य आहे, तरी ते पुरेसे नाही, कारण त्या काळच्या प्रेक्षकांत न घाबरणे परवडत नसलेल्या बायकाही असणारच. बहुतेक भागांच्या शेवटी राल्फ चूक कबूल करून तिला मिठीत घेतो, आइसबॉक्स जागच्या जागी असतो, आणि ये रे माझ्या मागल्या.

ब्रिटनमध्ये हाच करार एका दृश्यात जितका उघडा पडला तितका क्वचितच कुठे पडला असेल. रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन या लेखकद्वयाने ५ जानेवारी १९६२ रोजी बीबीसीवर सादर केलेल्या ‘द ऑफर’ या नाटुकलीत लंडनमधले भंगार गोळा करणारे बापलेक आहेत, आणि ‘स्टेप्टो अँड सन’ ही गाजलेली मालिका तिच्यातूनच पुढे उभी राहिली. कटकट्या बापाला कंटाळून मुलगा हॅरॉल्ड घर सोडायचे ठरवतो, आपले सगळे किडुकमिडुक घोडागाडीवर चढवतो. बाप घोडा द्यायला तयार नसतो, म्हणून तो गाडी स्वतःच ओढू पाहतो, आणि गाडी हलत नाही. तो पुन्हा जोर लावतो, रडवेला होतो, आणि मग बाप त्याला चहासाठी आत घेऊन जातो. नट हॅरी कॉर्बेट रंगभूमीवर गंभीर अभिनय करून आलेला होता आणि त्याने ते रडणे विनोदासाठी सौम्य केले नाही. पुढे बारा वर्षे अधूनमधून चाललेल्या मालिकेत हॅरॉल्डला निघून जाता आले नाही, आणि याला घरच्या मायेइतकेच मालिकेचे व्याकरणही जबाबदार होते, कारण तो गेला असता तर मालिकाच संपली असती.

या घरांकडे पाहून हसणारे कोण, हा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. सिटकॉममध्ये ऐकू येणारा हशा कधी प्रत्यक्ष बसवलेल्या प्रेक्षकांचा असतो, तर कधी ध्वनिमुद्रित हशाच्या साठ्यातून हवा तिथे पेरलेला. अशा पेरणीचे यंत्र सीबीएसमधला अभियंता चार्ल्स डग्लस याने १९५० च्या दशकात बनवले. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड बुट्श याने दाखवून दिले आहे की मध्यमवर्गीय मालिकांतला बाप बहुधा शहाणा आणि समंजस असतो, तर कामगार बाप जाडा, बडबड्या, हट्टी आणि बायकोमुलांहून मंदबुद्धीचा रंगवला जातो. जणू त्याची गरिबी त्याच्या अकलेचाच हिशेब आहे. हे निरीक्षण बव्हंशी खरे आहे, परंतु ‘ऑल इन द फॅमिली’तला आर्ची बंकर या चौकटीत बसवताना जरा अडचण होते. जॉनी स्पाइट याने लंडनच्या गोदी भागातल्या तोंडाळ अल्फ गार्नेटवर लिहिलेल्या ब्रिटिश मालिकेचे हे अमेरिकी रूप नॉर्मन लिअर याने १२ जानेवारी १९७१ रोजी पडद्यावर आणले. आर्ची गोदामाच्या धक्क्यावरचा मुकादम, फावल्या वेळात टॅक्सी चालवणारा, आणि कृष्णवर्णीय, ज्यू, स्त्रिया, जावई अशा सर्वांविषयी एकाच दमात अद्वातद्वा बोलणारा आहे. लिअरला त्याच्या पूर्वग्रहांचे हसे करायचे होते; परंतु नील विडमर आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले, की मनात आधीच पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना आर्ची आपल्यातलाच वाटत होता आणि वादात तोच जिंकतो असे त्यांना वाटण्याचा संभव अधिक होता. एकाच विनोदावर दोन दिशांनी हसणारे लोक एकाच वेळी आपापल्या घरी बसलेले होते, आणि मालिका सलग पाच हंगाम लोकप्रियतेत पहिली राहण्यामागे हेही एक कारण असावे.

आर्चीची खुर्ची ही या मालिकेतली खरी राजसत्ता होती. जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानातून थोडक्या डॉलरांत आणलेली ती खुर्ची १९७८ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात गेली. मालिका मात्र पुढे चालू राहिल्यामुळे हुबेहूब तशीच खुर्ची नव्याने घडवावी लागली, आणि त्या झिजलेपणाची नक्कल मूळ खुर्चीपेक्षा कितीतरी महाग पडली. गरिबीची नेपथ्यरचना ही स्वस्त गोष्ट नव्हे.

भारतात ‘नुक्कड’ या दूरदर्शनवरच्या १९८६ च्या मालिकेत कुंदन शाह आणि सईद मिर्झा यांनी वेगळी वाट धरली: दूरदर्शनवरच्याच चिमणरावाचे किंवा वागळ्यांचे कारकुनी घर पडद्यावर मावत होते, पण वायरमन, सायकल दुरुस्त करणारा, चहावाला, दारुडा अशा हातावर पोट असणाऱ्यांसाठी मालिकेने नाकाच निवडला. खोलीच्या तीन भिंती उभ्या करून कॅमेऱ्यासाठी जी जागा मोकळी ठेवायची असते, ती या लोकांच्या घरात मुळात शिल्लक नव्हती, असेही त्याचे एक वाचन करता येईल.

कॅरोलाइन अहर्न आणि क्रेग कॅश यांच्या ‘द रॉयल फॅमिली’ने १९९८ मध्ये बीबीसीवर हशाच काढून टाकला. मँचेस्टरमधले हे कुटुंब सोफ्यावर बसून टीव्ही पाहते, सिगरेटी ओढते, चहा कोणी करायचा यावर वाद घालते, आणि दुसरे काही घडत नाही. पहिल्याच भागात बाप जिम टेलिफोनचे बिल घेऊन एकेका कॉलचा जाब विचारतो, जणू प्रत्येक आकडा घरातल्या कोणा फितुराने केलेला गुन्हा आहे. कॅमेरा बहुतेकदा टीव्हीच्या बाजूने या कुटुंबाकडे पाहतो, त्यामुळे प्रेक्षक स्वतःच त्या घरातला टीव्ही होऊन बसतो आणि कधी हसायचे हे सांगणारे कोणी उरत नाही. १९९९ च्या नाताळच्या भागात बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली मुलगी डेनिस न्हाणीघरात भेदरून बसते, आणि एरवी खुर्चीतून न उठणारा, दर वाक्याला वाकडे बोलणारा जिम तिच्याशेजारी जमिनीवर बसून तिची समजूत घालतो. कामगार बापाच्या विदूषकी मुखवट्याला इतके हळुवार उत्तर दुसऱ्या कोणत्या मालिकेने दिले असेल, असे वाटत नाही.

अशा घरात खरोखरच पैसा आला तर काय होते, याचे उत्तर दोन मालिकांनी दिले. जॉन सलिव्हन याने लिहिलेल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’मध्ये लंडनच्या पेकहॅम भागातला फेरीवाला डेल पंधरा वर्षे पुढच्या वर्षी लखपती होण्याच्या बाता मारतो, १९९६ च्या नाताळात अडगळीतल्या एका जुन्या घड्याळाला लिलावात बासष्ट लाख पौंड येतात, आणि तो भाग २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. कथा इथेच संपायची होती. परंतु २००१ मध्ये मालिका परत आली तेव्हा पहिले काम झाले ते सगळा पैसा बाजारात बुडवून डेल आणि त्याच्या भावाला जुन्या सदनिकेत आणून बसवण्याचे.

अमेरिकेत ‘रोझॅन’ने १८ ऑक्टोबर १९८८ पासून इलिनॉयमधल्या काल्पनिक लॅनफर्ड गावातले कॉनर कुटुंब दाखवले. पहिल्या हंगामाच्या शेवटी नवा साहेब उत्पादनाचा कोटा वाढवतो म्हणून रोझॅन आणि तिच्या सोबतिणी प्लास्टिकच्या कारखान्यातून चालत्या होतात. पुढे नवरा डॅनचे मोटरसायकलचे दुकान बुडते, घरची वीजही तोडली जाते. बिले इथे केवळ विनोदाचे निमित्त नव्हती, कथानकच ती होती. शेवटच्या हंगामात या घराला १० कोटी ८० लाख डॉलरची लॉटरी लागते, मालिका दिशाहीन होते, आणि २० मे १९९७ च्या अखेरच्या भागात उलगडते की ती लॉटरी रोझॅनने लिहिलेल्या कथेतली होती आणि डॅन हृदयविकाराने केव्हाच गेला आहे. २०१८ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा डॅन काहीच न घडल्यासारखा जिवंत होता. विम्यात आता पूर्वीइतकी औषधे बसत नाहीत म्हणून नवराबायको स्वयंपाकघरात एकमेकांच्या गोळ्यांची वाटणी करतात, आणि ते दृश्य खेळीमेळीने, दोघांच्या नेहमीच्या टोमण्यांसह पार पडते. पुढे मुख्य अभिनेत्रीच्या वंशद्वेषी ट्वीटमुळे वाहिनीने मालिका बंद केली आणि ‘द कॉनर्स’ या नावाने उरलेल्या कुटुंबाची नवी मालिका काढली, तेव्हा रोझॅनच्या मृत्यूचे कारण लेखकांना दूर शोधावे लागले नाही: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन लागले होते, आणि त्या ती ओळखीपाळखीच्यांकडून, लपवून मिळवत होती.