थोडं सरकून घेऊ या

कॉम्प्युटरच्या पोटातला प्रोसेसर बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा नसतो, पण तापतो मात्र शेगडीसारखा. त्याच्या डोक्यावर बसवलेला धातूचा कूलर ती उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर टाकतो. २००४ च्या मे महिन्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरला हे झेपेना. पंखा पुसला, पेस्ट बदलली, तरी अर्ध्या तासात तो आपोआप बंद पडायचा. थोरल्याचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातच होता आणि नवा मदरबोर्ड घेण्याची त्या वर्षी आमची ऐपत नव्हती.

शिकवणीच्या पैशातून थोरल्याने झालमनचा तांब्याचा कूलर मागवला. उमललेल्या फुलासारख्या पातळ पाकळ्या, १०९ मिलिमीटर रुंदी आणि वजन ७७३ ग्रॅम! आमचा बोर्ड ‘सॉकेट ए’ जातीचा. त्या सॉकेटवरच्या कूलरला ३०० ग्रॅमची मर्यादा सांगितलेली. म्हणून असला जड कूलर नुसत्या क्लिपवर टांगत नाहीत, सॉकेटभोवतीच्या चार भोकांतून स्क्रूने आवळतात. आमच्या बोर्डाला भोकं होती. अडलं दुसरीकडेच. सॉकेटला खेटून उभे असलेले दोन उंच कपॅसिटर पाकळ्यांना टेकत होते.

थोरला कानस घेऊन पाकळ्या कापायला निघाला. तेव्हा अज्जा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीतून म्हणाले, “याक कत्तरिस्ती, तम्मा? स्वल्प सरिसु!” कापतोस कशाला, थोडं सरकव.

अज्जांनी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. ते बंद केल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नसे. त्या दिवशी त्यांनी कपाटातून सोल्डरिंग आयर्न काढलं. पण हात कापत होता. म्हणून आयर्न नातवाच्या हातात आणि नातवाचं मनगट अज्जांच्या हातात, अशी जोडी बसली.

आधी कागदावर चित्र काढलं. कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे ऋण बाजू. बोर्डावरच्या छापील खुणा सगळ्या कंपन्यांच्या सारख्या नसतात, म्हणून कुठला पट्टा कुठे होता ते लिहून ठेवायचं. उलटा बसला तर कपॅसिटर फुटतो. मग एक पाय तापवून किंचित कलता करायचा, नंतर दुसरा, असं हळूहळू सोडवायचं. जोराने ओढलं तर भोकातलं तांब्याचं अस्तर निघून येतं आणि बोर्ड कामातून जातो. बोर्डाच्या आत तांब्याचे थर असतात, ते उष्णता पिऊन टाकतात, म्हणून २५ वॅटचं आयर्न पुरलं नाही. अज्जांनी मोठं काढायला लावलं.

नवे कपॅसिटर तेवढ्याच क्षमतेचे, तेवढ्याच व्होल्टेजचे आणि ‘लो ईएसआर’ जातीचे आणले. ते उभे न लावता आडवे निजवले, पायांना नळी चढवली. “पाय लांब ठेवू नको,” अज्जा बजावत होते. प्रोसेसरला क्षणाक्षणाला कमीजास्त करंट लागतो; तार लांबली की तो वेळेवर पोचत नाही.

दुपार सरली तेव्हा कूलर बसला. बटण दाबताना घरात कुणी बोललं नाही. पूर्वी सत्तरीच्या पुढे जाणारा आकडा बावन्न अंशांवर थांबला. प्रोजेक्ट वेळेत गेला. पुढच्याच आठवड्यात गल्लीतली दोन पोरं आपापले बोर्ड काखेत मारून “अज्जा आहेत का?” म्हणून दारात उभी राहिली.

मी मराठी माहेरची, कानडी घरात आलेली. कानडीत ‘सरी’ म्हणजे बाजूला हो, आणि ‘सरी’ म्हणजे बरोबरही. मोठं काही घरात आणायचं, मग ते यंत्र असो की सून, तर कुणीतरी स्वतःला कापून घ्यावं असा आपल्याकडे रिवाज असतो. अज्जांचा मार्ग वेगळा होता. जो अडतोय त्याला आधी नीट ओळखा, त्याची धन-ऋण बाजू लिहून ठेवा, आणि न तोडता जरा निजवा. जागा होते.